सुरीचं नाणं

बापाने ज्या हत्यारावर संसार केला ते हत्यार मुलाला जड वाटायला लागलं, की घरात रोज उठून तेच भांडण शिजतं. आपण सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे. फिलिपिन्समध्ये, बातांगास प्रांतात ताआल गावाच्या वेशीबाहेर मेलेसियो म्हाताऱ्याची पत्र्याची शेड आहे, तिथेही ते शिजत होतं. शेडच्या डाव्या अंगाला म्हाताऱ्याची ऐरण, कानशी आणि सुऱ्या. उजव्या अंगाला त्याच्या मुलाचा, देल्फिनचा, लेथ.

म्हातारा बालिसाँग बनवायचा. ही तिथली घडीची सुरी. मूठ दोन फाकांची, मनगट झटकलं की फाका उलट्या फिरतात आणि आतलं पातं बाहेर येतं. चार पिढ्या या घराने तेच केलं. प्रत्येक पात्याच्या बुडाशी मासे धरायच्या गळाची एक बारीक खूण असायची. ती देल्फिनच्या पणज्याने ठरवलेली. गळ दिसला की लोक म्हणायचे, सुरी मेलेसियोच्या घरची.

देल्फिनने सुऱ्या सोडल्या आणि पितळी नळ्या धरल्या. व्हेप ओढणाऱ्यांसाठीच्या नळ्या. आत एक जाडजूड सेल, बुडाला खटका, आणि वर बसवायचं ते अॅटोमायझर. गावात त्याला कुणी एवढं लांबलचक नाव घेत नाही, नुसतं 'डोकं' म्हणतात. डोक्यात तारेचं वेटोळं आणि कापूस, कापसाला फळांच्या वासाचा रस. खटका दाबला की तार तापते आणि रसाची वाफ होते. दुकानात मिळणाऱ्या डबीसारख्या व्हेपमध्ये एक इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. काही वावगं झालं की ती करंट तोडते. देल्फिनच्या नळीत तसलं काही नव्हतं. सेल, पितळ आणि तार, मध्ये कुणी पंच नाही. तारेचा रोध किती, म्हणजे किती ओम, त्यावरच सेलमधून किती करंट खेचला जाणार ते ठरायचं. ओम जितके कमी तितका करंट जास्त, आणि वाफही तितकीच जास्त.

पोरांना नेमकं तेच आवडायचं. आपल्याकडे मिशीवर ताव मारतात तसे हे ओम सांगायचे. एक म्हणाला माझं शून्य दशांश दोन, की दुसरा खाकरून सांगायचा, माझं शून्य दशांश एक. सेलला तेवढं झेपतं का, हे विचारणारा भित्रा ठरायचा. आणि गावच्या जत्रेत बास्केटबॉलच्या मैदानावर सर्वात मोठा ढग कोण सोडतो याची स्पर्धा व्हायची. गेल्या साली ती देल्फिनच्या नळीने जिंकली. तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. नळ्यांवर तो पणज्याचा गळच ठोकायचा, आणि म्हाताऱ्याला तेच खुपायचं.

सांतोचा वाढदिवस होता तेव्हाची गोष्ट. क्रिसांतो, म्हणजे सांतो, गावच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवतो. देल्फिनच्या धाकट्या लेकीचा तो बाप्तिस्म्यातला धर्मपिता. एकदा असं नातं जुळलं की दोघे पुरुष एकमेकांना 'कुंपारे' म्हणतात, आणि ते नातं सख्ख्या भावापेक्षा कमी धरत नाहीत. सांतो शेडमध्ये आला तो धापा टाकतच.

"कुंपारे, मला सिगारेट सोडायचीय," तो बाकावर टेकत म्हणाला. "मिरवणूक चर्चच्या चढाला लागते आणि माझा सूर मध्येच बसतो. परवा बँडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाला, सांतो, कॉर्नेट वाजवतोयस की फुगा फुगवतोयस?"

"आणि पेर्ला काय म्हणते?"

"बायको कशाला म्हणेल काही? ती लायटर तांदळाच्या डब्यात लपवते. काल भातात सापडला." सांतो हसला आणि हसता हसता खोकला. "मला असं काहीतरी दे, ज्यातून बारीक ओढ येईल. सिगारेटसारखी. हळूहळू तेही सोडेन."

देल्फिनने फळीवरची सर्वात देखणी नळी उतरवली. आरशासारखी घासलेली, बुडाशी गळ. "बारीक ओढ म्हाताऱ्यांना," तो म्हणाला. "तू माझा कुंपारे. तुझ्या नळीतून ढग निघाला पाहिजे, ढग." आणि त्याने रुंद तोंडाचं डोकं घेतलं, त्यात जाड तारेची दोन वेटोळी बसवली, कापूस ओवला. हात मोठा सफाईचा होता त्याचा. समोरच्याला काय हवं आहे ते मात्र त्याच्या कानांपर्यंत गेलंच नव्हतं. आपण भेटी देतो त्यातल्या अर्ध्या अशाच असतात, घेणाऱ्याच्या गरजेच्या कमी आणि देणाऱ्याच्या हौसेच्या जास्त.

"हे घे. वाढदिवसाची भेट."

पलीकडे कानस थांबली. "नाणं घे त्याच्याकडून," म्हातारा म्हणाला.

त्या मुलखात सुरी कुणाला फुकट देत नाहीत. दिली तर देणाऱ्या-घेणाऱ्याचं नातं कापलं जातं म्हणतात. म्हणून घेणारा एक पेसो तरी हातावर ठेवतो, म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते. मेलेसियो तर तेवढ्यावरही थांबायचा नाही. नाणं हातावर पडेपर्यंत सुरी सोडायची नाही, आणि तेवढ्या वेळात ती उघडायची कशी, मिटताना अंगठा कुठे ठेवायचा, कडी कधी लावायची, पोराबाळांच्या घरात कुठे टांगायची, हे सगळं तो गिऱ्हाइकाला ऐकवायचाच. घाई असलेलं गिऱ्हाईक वैतागायचं. म्हातारा म्हणायचा, घाई असेल तर केळी घे, सुरी कशाला घेतोस?

"तातांग, ही सुरी नाही," देल्फिन म्हणाला. तातांग म्हणजे बाबा. सगळं गावच म्हाताऱ्याला तसं म्हणतं.

"सुरी नाही तर सुरीची खूण कशाला ठोकलीस?"

"बघ," देल्फिन सांतोला डोळा मारत म्हणाला, "उद्या हे झाऱ्यालाही नाणं मागतील."

दोघे हसले. सांतोने नळी हातात घेऊन वजन पाहिलं आणि सहज विचारलं, "यात धोक्याचं काही आहे का रे?"

"ओम कमी असले तर सेलवर ताण. ओम जास्त असले तर भ्यायचं कारण नाही," देल्फिन म्हणाला. "एवढं लक्षात ठेव, झालं."

सांतोने ते इमानदारीने लक्षात ठेवलं.

ढग काही त्याला मानवला नाही. एक झुरका घेतला की ठसका, आणि डोळ्यांत पाणी. चर्चच्या आवारात बँडचा सराव चालायचा, तिथे एका विश्रांतीत ढोलवाल्या रोमीने त्याची कीव केली. त्या लोकांत दारू प्यायची तर पेला एकच असतो. तो हातोहात फिरतो, आणि नको म्हणणारा माणूसघाणा ठरतो. व्हेपची डोकीही तशीच फिरतात. याचं त्याच्यावर, त्याचं याच्यावर, चव बघायला.

"माझं लावून बघ, सांतो. लहानसं आहे, पण गुणाचं," रोमी म्हणाला आणि त्याने आपल्या डबीवरचं डोकं फिरवून काढलं. "दीड ओमचं आहे. एकदम सौम्य."

"दीड?" सांतो म्हणाला. "मग भीती नाही. कुंपारेने सांगितलंय, ओम जास्त तर भ्यायचं कारण नाही."

त्याने ते आपल्या पितळी नळीवर बसवलं आणि खटका दाबला. वाफ आली नाही. त्याने आणखी जोरात दाबला.

चूक ओमची नव्हतीच. देल्फिनच्या नळीत डोकं थेट सेलवर टेकतं, मध्ये कसलाही पडदा नाही. त्यासाठी डोक्याच्या बुडाचा मधला खिळा चांगला वर आलेला लागतो, म्हणजे सेलच्या टोकाला तोच एकटा शिवतो. रोमीचं डोकं डबीसाठी केलेलं, त्याचा खिळा भोवतीच्या कड्याशी सपाट. ते पिळून बसवल्यावर खिळ्याबरोबर कडंही सेलला टेकलं. खटका दाबताच करंट वेटोळ्याकडे गेलाच नाही, कड्यावरून सरळ नळीत उतरला आणि सेल आतल्या आत शॉर्ट झाला. सेल तापला की आतला वायू बाहेर पडायला वाट लागते. देल्फिनने नळीला भोकं ठेवली नव्हती. चकाकी बिघडते म्हणून.

आवाज चर्चच्या पलीकडच्या बाजारापर्यंत ऐकू गेला.

सांतोचा चेहरा वाचला, कारण काय झालं ते बघायला त्याने नळी तोंडापासून लांब धरली होती. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. कॉर्नेटच्या कळा ज्या बोटांनी दाबतात, त्यातलीच दोन.

त्या दिवसापासून देल्फिनच्या घरात कुणी धड जेवलं नाही. तो इस्पितळाच्या दारापर्यंत दोनदा गेला आणि परत आला. आत पेर्ला बसली असेल, तिच्याकडे बघायचं कसं? तेवढ्यात लिपा शहरातून गेरार्दोचा फोन आला. गेरार्दोचं तिथे व्हेपचं मोठं दुकान, आणि जत्रेतली स्पर्धाही तोच भरवायचा. बक्षिसाच्या नळ्या देल्फिनच्या होत्या.

"ऐकलं मी," गेरार्दो म्हणाला. "वाईट झालं. पण तू डोकं शांत ठेव. ती नळी नकली होती."

"नकली कशी? मीच दिली."

"कुणी पाहिलंय? अरे, नावाजलेल्या नळीची नक्कल बाजारात येतेच. सगळे तेच सांगतात आणि लोक मानतात. तू फक्त गप्प बस. आणि चूक त्याचीच ना? सपाट खिळ्याचं डोकं थेट सेलवर लावतं का कुणी?"

देल्फिनला ते शेवटचं वाक्य फार गोड लागलं. बुडत्याला काडीचा आधार, तसं तो ते मनात घोळवत राहिला. चूक त्याचीच. लावतं का कुणी?

दुसऱ्या दिवशी वस्तीचा कॅप्टन शेडमध्ये आला. आपल्याकडे सरपंच तसा तिथे कॅप्टन. त्याने रुमालातून फुटलेली नळी काढून लेथवर ठेवली. पितळ काळं पडलं होतं, बूड उकललं होतं.

"ही तुझी का रे, देल्फिन?"

देल्फिनने ती उचलली. खूण होती तो तुकडाच उडून गेला होता. पण आपल्या हातची चीज माणसाला अंधारातही कळते. आट्यांवरून बोट फिरवलं आणि त्याला कळलं, सांतोच्या वाढदिवसाचीच ती.

"खूण दिसत नाही, कॅप्टन," तो म्हणाला. "नकलीही असेल. हल्ली फार येतात."

कॅप्टनने मान हलवली आणि नळी रुमालात गुंडाळून तो गेला. कानस कधीच थांबली होती.

संध्याकाळी जेवणावर म्हाताऱ्याने माशाच्या रश्श्याला हात लावला नाही. सून लोर्ना वाढता वाढता थबकली.

"तातांग, थंड होतंय."

"होऊ दे. पणज्याचा गळ ज्या वस्तूवर होता ती आज या घरात नकली झाली. मला भूक नाही."

देल्फिनने भाताचा घास तसाच खाली ठेवला. "मी त्याला दुसरं डोकं लाव म्हणालो होतो का?"

"लावू नको म्हणाला होतास?"

 देल्फिन एकदम उसळून म्हणाला, "सुऱ्यांनी माणसं मेली नाहीत, तातांग? तुम्ही मला सांगता?"

"मेली," म्हातारा म्हणाला. "एकाची मला माहीत आहे. ती सुरी माझी होती. पोलीस विचारायला आले तेव्हा मी हो म्हणालो. तुझी आई रडत होती, पण मी हो म्हणालो." त्याने पाण्याचा घोट घेतला. "नीट ऐक. माझी सुरी बघितली की तान्हं पोरदेखील हात मागे घेतं. तिचं पातंच सांगतं, बाबा रे, मी कापते. तरी मी गिऱ्हाइकाला समोर उभं करून बडबड करायचो, आणि तू हसायचास. आता तुझी नळी बघ. चकचकीत, गोल, खिशात मावणारी, वास आंब्याचा. ती काय सांगते कुणाला? काही नाही. जी वस्तू स्वतः बोलत नाही, तिच्यासाठी बनवणाऱ्याने बोलायचं असतं. तू तर तिच्यापेक्षाही मुका निघालास."

"मी बोललो तर धंदा बसेल. पोरीची शाळा आहे."

"सांतोलाही पोरगी आहे," लोर्ना हळूच म्हणाली. एवढं बोलून ती ताटं उचलायला लागली.

जत्रेची सकाळ उजाडली. त्या दिवशी बँड गावभर फिरून लोकांना जागं करतो. देल्फिनच्या शेडवरून तो गेला तेव्हा तो दाराआड उभा होता. दरवर्षीचीच धून. तिच्यात एका जागी बाकीची वाद्यं थांबतात आणि कॉर्नेट एकटं वर चढतं. ती जागा आली. सगळे थांबले. वर काहीच चढलं नाही. नुसती पावलं वाजली, रोमीने कसाबसा ढोल उचलून धरला आणि धून पुढे सरकली. रस्त्यावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. देल्फिनला वाटलं, त्या आपल्याकडेच बघताहेत. बघत नव्हत्या, पण त्याने काय फरक पडतो?

दुपारी तो सांतोच्या घरी गेला. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून लोर्नाने पानात गुंडाळलेला गोड भात दिला होता. पेर्लाने दार उघडलं, भात घेतला, "या" म्हणाली आणि चुलीकडे वळली. परत तिने तोंड वळवलं नाही.

सांतो खिडकीशी बसला होता. उजवा हात पट्ट्यांत, मांडीवर उशी, उशीवर हात. "ये कुंपारे. मला वाटलंच तू जत्रेच्या दिवशी येशील. पेर्ला, कॉफी कर गं, कडक."

देल्फिन बसला.  सांतोच बोलत राहिला, सिगारेट सुटली म्हणाला, इस्पितळात कुठली ओढणार, म्हणजे वाढदिवसाची इच्छा पुरी झाली बघ. आणि मग आवाज उतरवून म्हणाला, "कॅप्टन आला होता. तू काळजी करू नको. मी सांगितलं त्याला, नळी लिपाच्या बाजारातून घेतली. नकली होती."

देल्फिनने वर पाहिलं. "तू सांगितलंस?"

"मग काय करू? तो म्हणाला, देल्फिनही म्हणतोय नकली असेल. म्हटलं, कुंपारेने असं म्हटलंय म्हणजे त्याची काही अडचण असेल. माझी बोटं गेली ती गेली. त्यापायी तुझा लेथ कशाला जायला हवा?"

चुलीजवळ भांडं जोरात आपटलं. पेर्ला पाठमोरीच म्हणाली, "मी म्हटलं होतं यांना, खरं सांगा. हे म्हणाले, नातं आहे."

सांतोने डाव्या हाताने खिसा चाचपला. त्या हाताला सवय नव्हती, वेळ लागला. शेवटी त्याने एक पेसो काढला आणि देल्फिनसमोर धरला. "हे घे. तातांगनी त्या दिवशी मागितलं होतं. आपण हसलो. पडल्या पडल्या मला सारखं तेच आठवायचं. सुरी नव्हती, मान्य. पण तरी घे. आपलं नातं कापायला नको."

काय हा माणूस! ज्याची बोटं गेली तो नातं सांधायला नाणं देत होता, आणि ज्याच्यामुळे गेली तो चार दिवस नकली-नकलीचा जप करत बसला होता. देल्फिनला हुंदका आवरला नाही. लहान मुलासारखा तो रडला, पेर्लासमोर, सांतोसमोर. सांतो नाणं धरून तसाच बसला होता.

"असं नाही घेता येत," देल्फिन अखेरीस म्हणाला. "आमच्या घरात नाणं घ्यायच्या आधी सांगतात. मी सांगितलं नव्हतं."

आणि तो सांगायला लागला. डोकं थेट सेलवर बसणार असेल तर मधला खिळा वर आलेला आहे ना ते नखाने बघायचं. सपाट असेल तर ते डोकं कितीही सौम्य असो, या नळीवर नाही. सेलचं वेष्टन जरा जरी फाटलं तर तो सेल फेकायचा. वेटोळ्याचे ओम आधी मोजायचे आणि सेलला झेपेल एवढंच मागायचं. खिशात टाकताना खटका अडकवता यायला हवा. नळीला वायू जायला भोकं हवीत, नसली तर घ्यायचीच नाही. आणि खरं तर तुझ्यासारख्या सिगारेट सोडू बघणाऱ्याला ही नळी द्यायलाच नको होती. तुला डबी पुरली असती.

सांतोने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने आपल्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"एवढंच होतं?" तो म्हणाला. "एवढं तर मी सहज लक्षात ठेवलं असतं रे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर देल्फिनला सोसला असता.

संध्याकाळी बास्केटबॉलच्या मैदानावर दिवे लागले होते. ढग सोडणारी पोरं रांगेत उभी होती, नळ्या दिव्याखाली चमकत होत्या. गेरार्दोने माईकवरून देल्फिनचं नाव पुकारलं, गेल्या सालचा कारागीर म्हणून टाळ्या मागितल्या. देल्फिन वर चढला आणि माईक हातात घेतला. 

"सांतोच्या हातात फुटली ती नळी माझी," तो म्हणाला. "नकली नव्हती. मी बनवली, मीच भेट दिली. तिला भोकं नव्हती, खटक्याला अडकण नव्हती, आणि मी त्याला अर्धवट सांगितलं. मी कॅप्टनशी खोटं बोललो. सांतो मला वाचवायला खोटं बोलला."

 गेरार्दो कानाशी येऊन दातओठ खात म्हणाला, "वेडा झालास का? उतर खाली."

"ज्यांच्याकडे माझी नळी आहे त्यांनी ती आजच आणून द्या," देल्फिन बोलतच राहिला. "आणि ज्यांच्याकडे दुसऱ्या कुणाची आहे त्यांनी डोकं काढून खिळा बघा. आत्ता, इथेच बघा. सपाट असेल तर खटका दाबू नका."

मागून कुणीतरी शीळ घातली. एकजण ओरडला, "खाली उतर, भित्र्या." पण रांगेतल्या एका उंच पोराने आपल्या नळीवरचं डोकं फिरवून काढलं आणि दिव्याखाली धरलं. मग त्याच्या शेजारच्याने. बऱ्याच वेळाने तो उंच पोरगा खालूनच म्हणाला, "कुया, हा बघ ना जरा. हा सपाट म्हणायचा का?" कुया म्हणजे दादा. देल्फिन व्यासपीठावरून उतरून त्याच्याकडे गेला. खिळा सपाट होता.

स्पर्धा झालीच, हेही सांगायला हवं. माणसं एका भाषणाने सुधारत नाहीत. पण रांग अर्धी झाली होती. गेरार्दोने देल्फिनचं नाव यादीतून काढलं, लिपाचं काम बंद झालं. देल्फिन कॅप्टनकडे गेला आणि म्हाताऱ्याला सोबत घेऊन खरं काय ते लिहून देऊन आला. सांतोच्या औषधपाण्याचा भार त्याने अंगावर घेतला. तो अजून फिटलेला नाही. लोर्ना म्हणते, न फिटो, पण घरात आता भात गळ्याखाली उतरतो.

शेडमध्ये आजही लेथ चालतो, पण पूर्वीसारखा नाही. कुणी नळी मागायला आला की देल्फिन आधी विचारतो, कशाला हवी? ओढत नसशील तर सुरूच करू नकोस, सरळ घरी जा. सिगारेट सोडायची असेल तर डॉक्टरला विचार. इतकं होऊनही कुणी हटून बसलाच, तर त्याला समोर उभं करतो, खिळा दाखवतो, ओम मोजायला लावतो, त्याच्याच हाताने डोकं दोनदा काढ-घाल करवून घेतो. मग नाणं मागतो. गिऱ्हाईक वैतागतं. पलीकडे म्हातारा कानस चालवत गालातल्या गालात हसतो. नळीवर गळाची खूण आहे, आणि तिच्याखाली वायू जायची भोकं आहेत. चकाकी थोडी कमी दिसते.

सांतो डाव्या हाताने कॉर्नेट शिकतो आहे. कळा उलट्या पडतात, बोटं गोंधळतात, बँडमास्तर आता टोमणे मारत नाही. पुढच्या जत्रेत तो बँडबरोबर चालला. चर्चच्या चढावर ती जागा आली, सगळे थांबले, आणि कॉर्नेट वर चढायला लागलं. मधेच सूर बसला. या वेळी दमामुळे नाही. त्याने परत उचलला. देल्फिन दाराआड न थांबता रस्त्यावर येऊन उभा राहिला होता.

मंडळी, आपल्यातला प्रत्येकजण काही ना काही दुसऱ्याच्या हातात देत असतो. कुणी गॅसची शेगडी दुरुस्त करून देतो, कुणी औषध देतो, कुणी पोराला गाडीची किल्ली देतो. देताना त्याचं कौतुक सांगायला आपल्याला वेळ असतो, धोका सांगायला नसतो. आणि काही घडलं की आपण पहिलं वाक्य म्हणतो, चूक त्याचीच. तसं म्हणायच्या आधी एकदा स्वतःला विचारा, आपण त्याला सांगितलं होतं का? पूर्ण सांगितलं होतं का? वस्तू देणं ही अर्धी भेट. तिच्याविषयीचं खरं सांगणं ही उरलेली अर्धी, आणि ती फुकटच द्यायची असते.

सांतोचा तो पेसो देल्फिनने खर्चला नाही. लेथच्या वर खिळ्याने ठोकून ठेवला आहे. घाईतलं गिऱ्हाईक म्हणतं, मला माहीत आहे सगळं, सांगू नका. तेव्हा तो त्या नाण्याकडे बघतो आणि सांगायला सुरुवात करतो.